गाडी चार सेंटीमीटर खाली: कमी पैशात काय मिळतं आणि काय जातं

गेल्या गणपतीत भाचा आला तो आरती झाल्याझाल्या मला खाली पार्किंगमध्ये घेऊन गेला. स्वतःच्या पगारातून घेतलेली त्याची पहिली गाडी, बारा वर्षं जुनी हॅचबॅक, धुऊनपुसून उभी होती. चाक आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत त्याने आडवी चार बोटं घालून दाखवली. "मामा, हा गॅप बघ. पाण्यातून चालताना पँट वर धरल्यासारखी दिसते गाडी. गॅरेजवाला म्हणतो, स्प्रिंग कापून एका दुपारीत खाली बसवून देतो. दोन हजार घेईल."

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. कोस्टल रोड आणि अटल सेतू झाल्यापासून मुंबईकराला सपाट, लांब रस्त्याची चव लागली आहे. तिथे रस्त्याला चिकटून जाणारी एखादी गाडी दिसली की नजर वळतेच, माझीही वळते. पण तिथून उतरून आपण घरी परततो ते खड्डे, उखडलेले पेव्हर ब्लॉक, अर्धा काँक्रीट आणि अर्धा डांबरी रस्ता, आणि शेवटी सोसायटीच्या गेटवरचा उंचवटा पार करत. चार सेंटीमीटर ऐकायला अगदी किरकोळ वाटतात. ते नेमके कशातून वजा होतात, हे पैसे मोजण्याआधी कळायला हवं.

स्प्रिंग भार उचलते, शॉकअप तिला आवरतो

चाकं आणि गाडीची बॉडी यांना जोडणाऱ्या सगळ्या यंत्रणेला सस्पेन्शन म्हणतात. त्यात भार उचलते ती स्प्रिंग. खड्डा आला की ती दबते आणि परत उसळते. तिला एकटीला सोडलं तर एका धक्क्यानंतर गाडी बराच वेळ वरखाली डुलत राहील. तिला आवरायला शॉक अ‍ॅब्जॉर्बर असतो. गॅरेजात त्याला सगळे शॉकअप म्हणतात, आपणही तेच म्हणू. ऑफिसच्या काचेच्या दाराला क्लोजर असतो ना, ज्याच्यामुळे दार धाडकन आपटत नाही? त्यात तेल बारीक वाटेने ढकललं जातं आणि दाराचा वेग मरतो. शॉकअपचं काम तसंच चालतं. तो वजन उचलत नाही, फक्त हालचाल शांत करतो.

तिसरा भाग लहान आहे, पण पुढे सगळी गोष्ट त्याच्यापाशीच येणार आहे. सस्पेन्शन पार दबलं तर लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून शॉकअपच्या दांड्यावर एक रबरी किंवा फोमचा ठोकळा असतो. तो बंप स्टॉपर.

गाडी खाली बसवायची म्हणजे कमी उंचीची स्प्रिंग घालायची, किंवा आहे तीच आखूड करायची. चाकं होती तिथेच राहतात, बॉडी त्यांच्यावर खाली येते.

१६५ मिलीमीटरचा हिशेब

आपल्याकडच्या छोट्या गाड्यांचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे रस्ता आणि गाडीचं सर्वात खालचं टोक यांतलं अंतर, साधारण १६५ ते १७० मिलीमीटर असतो. हा आकडा बहुतेक वेळा रिकाम्या गाडीचा असतो. मागे दोन-तीन माणसं आणि डिकीत सामान आलं की गाडी तीनेक सेंटीमीटर बसते. म्हणजे उरले १३५. त्यातून आपण हौसेने आणखी ४० काढले, तर ९५.

आता गतिरोधक घेऊ. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोल गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, ताशी २५ किलोमीटरने ओलांडायचा. तो इतका पसरट असतो की छोटी गाडी मधोमध आली तेव्हा तिची पुढची-मागची दोन्ही चाकं त्याच्यावरच असतात. तीही उचललेली असल्यामुळे पोटाखालचं अंतर पूर्ण १० सेंटीमीटरने घटत नाही. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, अडीच मीटरच्या आतबाहेर धरला, तर साडेचार सेंटीमीटरच्या आसपासच घटतं. आपल्या ९५ मधून ४५ गेले तरी पाच सेंटीमीटर शिल्लक. सुटलो.

पण सोसायटीच्या गेटवरचा बंप असा नसतो. कुणीतरी सिमेंटचा हातभर रुंद उंचवटा घातलेला असतो किंवा काळ्या-पिवळ्या रबरी पट्ट्या ठोकलेल्या असतात. पुढची चाकं त्यावरून खाली उतरली की बंप थेट पोटाखाली येतो आणि चाकं सपाट रस्त्यावर असतात. मग त्याची जितकी उंची, तितकी सगळी वजा. बंप तोच १० सेंटीमीटर धरला, तर ९५ मधून १०० जाणार कुठून? तिथे चेंबर, म्हणजे इंजिनच्या तेलाचं भांडं, किंवा सायलेन्सरचा पाइप घासतो. चेंबर फुटला आणि तेल गळालेलं लक्षात न येता गाडी तशीच चालवली, तर इंजिन जाम होतं. दोन हजारांत सुरू झालेलं काम मग इंजिनच्या कामावर जातं.

उंची दोन्ही गतिरोधकांची सारखीच होती, फरक पडला रुंदीने. एकदा मोठ्या रस्त्यावरच्या पसरट गतिरोधकावरून जाऊन बघितलं आणि काही लागलं नाही, म्हणून गाडी ठीक आहे असं समजणाऱ्यांनी आपल्या गल्लीतल्या बंपची रुंदी नक्की बघावी.

लोकलमधले गुडघे

पोट लागणं निदान ऐकू तरी येतं. त्याहून मोठं नुकसान कानावर पडत नाही.

लोकलमध्ये उभं राहताना आपण गुडघे किंचित मोकळे सोडतो. धक्का आला की ते वाकतात आणि डोकं स्थिर राहतं. आता तोच माणूस आधीच अर्धा खाली बसून उभा राहिला, तर धक्क्यासाठी वाकायला त्याच्याकडे उरलं किती? गाडीचंही असंच आहे. चाकाला वर जायला जेवढी जागा असते तिला गॅरेजवाले ट्रॅव्हल म्हणतात. समजा ती आठ सेंटीमीटर होती आणि तुम्ही गाडी चार सेंटीमीटर खाली घेतली. निम्मी संपली, आणि तीही गाडी उभी असतानाच.

धक्क्याची ताकद जिरवायला अंतर लागतं. क्रिकेटचा चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो ते याचसाठी. निम्म्या अंतरात तेवढाच धक्का जिरवायचा, तर सरासरी जोर दुप्पट लागणार. तो जोर कडक स्प्रिंगमधून मिळाला तर बरं. ती कडक नसेल तर सस्पेन्शन थेट बंप स्टॉपरवर आदळतं, आणि तिथून तो दणका शॉकअपच्या वरच्या माउंटिंगला, बॉडीला आणि तुमच्या कमरेला पोचतो. नव्या काँक्रीटची कडा आणि जुना डांबरी रस्ता यांच्यात जी पायरी असते, तिथे हा "ठक्" रोज भेटेल.

म्हणून खाली बसलेली गाडी कडक असावी लागते. आता कापलेल्या स्प्रिंगकडे येऊ. कारण कापली की ती कडक होते, हे खरं आहे, आणि नेमकी तिथेच माणसं फसतात.

कापल्यावर स्प्रिंगचं काय होतं

शाळेतली प्लास्टिकची फूटपट्टी टेबलाच्या कडेवर दाबून धरा. वीस सेंटीमीटर बाहेर असेल तर ती लवचीक लागते. दहाच सेंटीमीटर बाहेर ठेवली तर तीच पट्टी ताठ होते. स्प्रिंग म्हणजे गुंडाळलेली लांब सळई. जितके वेढे कमी, तितकी ती ताठ. पाच वेढ्यांची स्प्रिंग चार वेढ्यांची केली तर ती सव्वापट कडक होते. आणि गाडी किती खाली येते? एका वेढ्याची भाराखालची जेवढी उंची तेवढी, म्हणजे बऱ्याच गाड्यांत सरळ चार-पाच सेंटीमीटर. "थोडीशीच खाली कर" असं सांगून एक वेढा कापून घेतला, की ते थोडंसं राहत नाही.

सव्वापट कडक स्प्रिंगला आवरायला शॉकअप मात्र जुनाच असतो. त्याची ताकद मूळ स्प्रिंगसाठी बेतलेली, त्यात तो बारा वर्षांचा. दाराची स्प्रिंग आणखी कडक केली आणि क्लोजर जुनाच ठेवला, तर दार आपटणारच. गाडी खड्ड्यानंतर दोन-तीनदा उसळते, आणि उसळलेलं चाक जेवढा वेळ रस्त्यावर नीट टेकत नाही, तेवढा वेळ ब्रेक आणि स्टिअरिंग अर्धवटच काम करतात.

मग प्रश्न स्प्रिंगच्या टोकाचा. स्प्रिंगचं टोक तिच्या खोबणीत नीट बसेल असं घडवलेलं असतं. कापलेलं टोक तिरकं राहतं आणि एका बिंदूवर टेकतं. आणि सगळ्यात घातक गोष्ट ही, की आखूड स्प्रिंग चाक खाली लोंबल्यावर सैल पडू शकते. चाक खोल खड्ड्यात गेलं किंवा गाडी रॅम्पवर तिरकी चढली की शॉकअप पूर्ण ताणला जातो, पण स्प्रिंग तेवढी लांब उरलेली नसते. ती जागेवरून सरकते आणि पुढच्या क्षणी भार आला की वाकडी बसते.

आपल्या हवेचाही भाग आहे. स्प्रिंगवर जाड रंगाचा थर असतो, गंज लागू नये म्हणून. ग्राइंडरने कापलेल्या जागी पोलाद उघडं पडतं. समुद्राकाठच्या खाऱ्या, दमट हवेत तिथे गंज धरायला एक पावसाळा पुरतो, आणि गंजाच्या बारीक खड्ड्यातूनच स्प्रिंगला तडा सुरू होतो.

काही जण कापत नाहीत, गॅसच्या ज्वाळेने स्प्रिंग तापवून ती खचू देतात. ते तर कापण्याहून वाईट. स्प्रिंगच्या पोलादाला आधी कडक करून नंतर साधारण चारशे अंशांवर पुन्हा तापवून "पाणी" दिलेलं असतं, त्यातून तिचा चिवटपणा येतो. लालबुंद केलं की तापमान सातशेच्या पुढे जातं आणि ते पाणी उतरतं. त्यानंतर ती कधी खचेल आणि कधी तुटेल, याचा भरवसा देता येत नाही.

"पण माझ्या मित्राची कापलेली गाडी दोन वर्षं चालतेय," हे भाच्यानेही ऐकवलं. चालत असेल. सपाट रस्त्यावर, एकटा माणूस बसलेला असताना या स्प्रिंगची परीक्षाच होत नाही. परीक्षा होते ती जोराचा ब्रेक आणि खड्डा एकत्र आले, गाडीत पाच माणसं असली, त्या एका सेकंदात.

आणि घरच्या घरी करायचा विचार असेल तर कृपा करून तो सोडा. गाडीतली स्प्रिंग पंधरा सेंटीमीटर दाबलेली असेल, तर तिच्यात साठलेली ऊर्जा दहा किलोचा दगड जवळजवळ एका मजल्यावरून पडावा इतकी असते. स्प्रिंग दाबून धरणारा क्लॅम्प सुटला तर ती समोरच्याच्या तोंडावर उडते.

"पण खाली बसलेली गाडी वळणावर चांगली धरते ना?"

धरते. वळणावर भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो, आणि तो किती सरकणार हे गुरुत्वमध्याच्या उंचीवर ठरतं. छोट्या गाडीचा गुरुत्वमध्य साधारण ५५ सेंटीमीटरवर धरला आणि गाडी तीन सेंटीमीटर खाली घेतली, तर हे सरकणं पाचेक टक्क्यांनी कमी होतं. फायदा खरा आहे, पण पाच टक्केच आहे. कोस्टल रोडवर ताशी ८० ची मर्यादा पाळणाऱ्याला तो जाणवेल असं मला वाटत नाही. झिजलेले टायर बदलून मिळणारा फरक याच्या कितीतरी पुढे असतो.

शिवाय पुढे स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब, असलेल्या गाडीत एक उलटा परिणाम होतो. गाडी ज्या बिंदूभोवती कलते, तो बिंदू बॉडीपेक्षाही जास्त खाली जातो. त्यामुळे खूप खाली बसवलेली आणि स्प्रिंग पुरेशी कडक नसलेली गाडी वळणावर आधीपेक्षा जास्त कलू शकते. दिसायला शर्यतीची गाडी आणि चालायला होडी.

टायर आतल्या बाजूने का खातात

बॉडी खाली आली की चाकांना बॉडीशी जोडणारे खालचे आर्म तिरके होतात आणि चाकांचे कोन बिघडतात. पुढून बघितल्यावर चाक डोक्याकडून आत झुकलेलं दिसतं, ते कॅम्बर. वरून बघितल्यावर चाकाचं नाक आत किंवा बाहेर वळलेलं दिसतं, ते टो. टायर झिजल्याचा दोष लोक कॅम्बरला देतात. माझ्या मते खरा चोर टो आहे. चाक अर्धा अंश जरी वाकडं राहिलं, तरी प्रत्येक किलोमीटरमागे ते जवळजवळ नऊ मीटर आडवं फरफटतं. टो अलाइनमेंटच्या मशीनवर दुरुस्त होतो, खर्चही फार नसतो. तरीही गाडी खाली करून अलाइनमेंट न करणारे मी कितीतरी पाहिले आहेत.

टायर बदलून होईल का?

स्वस्तातली एक युक्ती हमखास सुचवली जाते: स्प्रिंगला हात लावू नका, लहान टायर घाला. १७५/६५ आर १५ च्या टायरचा व्यास साधारण ६०८ मिलीमीटर. त्याऐवजी १९५/५० आर १५ घातला तर ५७६. गाडी १६ मिलीमीटर खाली आली खरी, पण चाकच लहान झाल्यामुळे मडगार्डमधली फट तेवढीच वाढली. ज्या फटीपायी हा खटाटोप, तीच मोठी. वर स्पीडोमीटर साडेपाच टक्क्यांच्या आसपास जास्त वेग दाखवणार आणि टायरची भिंत पातळ झाल्यामुळे खड्ड्याचा मार थेट रिमला.

मग पैसे कमी असतील तर करायचं काय?

पहिले पैसे जुन्या सामानावर घाला. शॉकअपवर तेल ओघळलंय का, वरचं माउंटिंग कुरकुरतंय का, लोअर आर्मचे (त्याच खालच्या आर्मचे) बुश, म्हणजे सांध्यातले रबर, फाटलेत का, चाकाकडचा बॉल जॉइंट ढिला आहे का, हे आधी बघून घ्या. बारा वर्षांच्या गाडीत यातलं काही ना काही निघतंच. गंमत म्हणजे, एवढंच बदललं तरी गाडी इतकी सुधारते की काही जणांची खाली बसवायची इच्छाच विरते.

इच्छा उरलीच, तर त्याच मॉडेलसाठी बनवलेला लोअरिंग स्प्रिंगचा पूर्ण संच घ्या, पुढच्या दोन आणि मागच्या दोन. पेट्रोल आणि डिझेल इंजिनांच्या वजनात फरक असतो, त्यामुळे पुढच्या स्प्रिंगही वेगळ्या असू शकतात. दुकानदाराला हे नीट सांगा. कारखान्यात घडवलेल्या या स्प्रिंगची टोकं बरोबर असतात, ताठपणा मोजून वाढवलेला असतो आणि चाक लोंबलं तरी त्या सैल पडत नाहीत. अडीच-तीन सेंटीमीटरवर थांबा. मुंबईत रोज चालवायच्या गाडीला यापुढे जाऊ नये, या मतावर मी ठाम आहे. संचासोबत आखूड बंप स्टॉपर सांगितले असतील तर तेही बदला. नंतर काही दिवसांत स्प्रिंग दबून स्थिर झाल्या की अलाइनमेंट करा आणि हेडलाइटचा झोत तपासा.

हा खर्च पाच आकडी असतो. कापण्याच्या मानाने कितीतरी जास्त, पण कापल्यावर बदलाव्या लागणाऱ्या शॉकअप आणि टायरांच्या मानाने नाही. उंची कमीजास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकअपचे एकत्र संच, म्हणजे कॉइलओव्हर, याहून बरेच महाग. कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या ठिकाणी जुने कॉइलओव्हर मिळतात आणि मोह पडतो, पण त्यांचे आटे गंजून जाम झालेत का आणि आतलं सील शाबूत आहे का, हे बाहेरून कळत नाही. कमी बजेटवाल्याने तिकडे वळू नये.

मूळ स्प्रिंग भंगारात देऊ नका. वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवा. गाडी विकताना त्या लागतील, किंवा पहिल्या पावसाळ्यानंतर तुमच्यासाठीच लागतील. हिंदमाता किंवा अंधेरी सबवेला पाणी भरतं तेव्हा इंजिनची हवा ओढणारी नळीही तेवढीच खाली, पाण्याच्या जवळ आलेली असते.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. तिथे "बदल" याचा अर्थ गाडीचं मूळ स्वरूप पालटणारा रचनेतला बदल, असा दिला आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ रचनेशी विसंगत बदलांना मनाई असल्याचं स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२-अ बदलून ही तरतूद आली: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

"प्रमाणपत्रावर गाडीची उंची लिहिलेलीच नसते, मग?" असा वाद घातला जातो. कारखान्याच्या स्प्रिंगने अडीच सेंटीमीटर खाली घेतलेल्या गाडीसाठी त्यात थोडं तथ्य आहे. पण अपघातानंतर सर्व्हेअरला कापलेली स्प्रिंग दिसली, तर हा युक्तिवाद तुम्हाला विमा कंपनीशी करावा लागेल, तोही गाडी चेपलेली असताना. बदल करण्याआधी विमा कंपनीला लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा.

भाच्याला मी एक चाचणी सांगितली. जुन्या हवाई चपलेचे तळवे एकावर एक चिकटवून बरोबर चार सेंटीमीटरचा ठोकळा करायचा. तो चेंबरखालच्या गार्डला, सायलेन्सरपासून दूर, पट्ट्यांनी घट्ट बांधायचा आणि फक्त गल्ली ते गेट एवढ्याच वाटेवर सावकाश फिरायचं. त्याने ते त्याच संध्याकाळी केलं. एकटा असताना ठोकळ्याला काही झालं नाही. मग आजी, आई आणि मावशी मागे बसल्या, गौरीच्या खरेदीच्या पिशव्या डिकीत गेल्या. गेटवर आवाज आला. उतरून बघितलं तर सगळ्यात खालचा तळवा मधोमध खरवडला होता आणि दुसऱ्यापर्यंत चीर गेली होती.

त्याने तो तुकडा खिशात घातला. दिवाळीच्या बोनसमधून चारही शॉकअप आणि लोअर आर्मचे बुश बदलून घेतले. स्प्रिंगचा निर्णय त्याने पावसाळ्यानंतर ठेवला आहे, आणि मागताना अडीच सेंटीमीटरचाच संच मागणार म्हणतो.